आयकर रिटर्न भरायचं राहिलं? उशिराच्या ऑनलाइन रिटर्नच्या मुदतींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पगारदार, पेन्शनर, छोटे गुंतवणूकदार आणि सोसायटीचे पदाधिकारी मुदत हुकल्यावर जे प्रश्न घेऊन येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं आयकर कायदा १९६१ प्रमाणे आहेत. नवा आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला असला, तरी त्याआधीच्या आर्थिक वर्षांची रिटर्नं जुन्या कायद्याच्या नियमांनीच चालतात. उशिरा भरली जाणारी रिटर्नं बहुतेक याच वर्षांची असतात.

३१ जुलै उलटून गेली. आता रिटर्न भरता येईल का?

येईल. ज्यांना ऑडिट लागत नाही अशा पगारदार आणि पेन्शनर व्यक्तींसाठी ३१ जुलै ही मूळ मुदत असते. ती चुकली तर कलम १३९(४) खाली 'बिलेटेड रिटर्न' भरता येतं. त्याची शेवटची तारीख त्याच आकारणी वर्षातली ३१ डिसेंबर. विभागाने त्याआधीच तुमची आकारणी पूर्ण केली असेल, तर ही संधीही तिथेच संपते.

पूर्वी यासाठी ३१ मार्चपर्यंत वेळ मिळायचा. २०२१ च्या वित्त कायद्याने त्यातले तीन महिने कमी केले. अजूनही बरेच लोक 'मार्चपर्यंत भरू की' असं म्हणत निवांत असतात आणि जानेवारीत पोर्टल उघडल्यावर हबकतात.

आर्थिक वर्ष आणि आकारणी वर्ष यात गोंधळ होतो. कुठलं वर्ष निवडायचं?

ज्या वर्षी कमाई झाली ते आर्थिक वर्ष. त्याच्या पुढचं ते आकारणी वर्ष. एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ या काळातल्या उत्पन्नाचं आकारणी वर्ष २०२५-२६ आणि त्याच्या बिलेटेड रिटर्नची शेवटची तारीख ३१ डिसेंबर २०२५. कर भरताना चलानवर चुकीचं वर्ष पडलं, तर पैसे सरकारजमा होतात पण तुमच्या रिटर्नमध्ये दिसत नाहीत. मग ती दुरुस्ती करून घेण्यातच मुदत निघून जाते. म्हणून चलान भरण्याआधी वर्ष दोनदा वाचा.

सरकारने ३१ जुलैची तारीख पुढे ढकलली, तर ३१ डिसेंबरही आपोआप पुढे जाते का?

नाही. या दोन तारखा कायद्यात वेगवेगळ्या आहेत आणि एक हलली म्हणून दुसरी हलत नाही. आकारणी वर्ष २०२५-२६ साठी मूळ मुदत आधी १५ सप्टेंबर २०२५ केली गेली आणि अगदी शेवटच्या क्षणी आणखी एक दिवस वाढवून १६ सप्टेंबर झाली. बिलेटेडची तारीख मात्र ३१ डिसेंबरच राहिली. म्हणजे उशिरा भरणाऱ्यांना पाच महिन्यांऐवजी जेमतेम साडेतीन महिने मिळाले.

बिलेटेडची तारीख वाढल्याचं उदाहरणही आहे. ५ जुलै २०२४ नंतर पोर्टलवरच्या प्रणालीत बदल झाला आणि विशेष दराने कर लागणाऱ्या उत्पन्नावर कलम ८७ए ची (कमी उत्पन्न असणाऱ्यांना करात मिळणारी) सवलत मागता येईना. मुंबईच्या 'चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्स' या संस्थेने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. न्यायालयाच्या आदेशानंतर आकारणी वर्ष २०२४-२५ साठी निवासी व्यक्तींची बिलेटेड मुदत ३१ डिसेंबर २०२४ वरून १५ जानेवारी २०२५ झाली. पण अशी वाढ कोर्टकचेरीनंतर आणि ऐनवेळी मिळते. तिच्या भरवशावर बसून राहू नका.

लेट फी किती लागते?

कलम २३४एफ प्रमाणे ५,००० रुपये. वजावटी धरून झाल्यावर एकूण उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर १,००० रुपये. उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या खाली असेल आणि रिटर्न भरण्याचं बंधनच तुमच्यावर नसेल, तर काहीच नाही.

फी एकरकमी आहे. ऑगस्टमध्ये भरा किंवा ३० डिसेंबरला, रक्कम तीच. यामुळे 'आता ५,००० जाणारच आहेत, मग घाई कशाला' असा विचार पुष्कळजण करतात. तो महागात पडतो, कारण फीच्या पलीकडे बरंच काही सुरू झालेलं असतं.

फीशिवाय व्याजही लागतं का?

कर भरायचा बाकी असेल तर लागतं. कलम २३४ए खाली बाकी करावर दरमहा १ टक्का. महिन्याचा एक दिवस गेला तरी पूर्ण महिना धरतात. समजा मुदत ३१ जुलै होती, २०,००० रुपये कर बाकी आहे आणि तुम्ही ५ डिसेंबरला कर आणि रिटर्न भरताय. ऑगस्ट ते डिसेंबर असे पाच महिने होतात, म्हणजे १,००० रुपये व्याज.

याशिवाय अग्रिम कराचं व्याज वेगळं. टीडीएस वजा केल्यावर वर्षाचा कर १०,००० किंवा जास्त होत असेल, तर तो वर्षभरात हप्त्यांनी भरायचा असतो. भरला नसेल तर कलम २३४बी आणि २३४सी ची व्याजं लागतात. २३४बी चं व्याज १ एप्रिलपासूनच चालू होतं. धंद्याचं किंवा व्यवसायाचं उत्पन्न नसलेल्या ६० वर्षांवरच्या व्यक्तींना अग्रिम करातून सूट आहे.

रिटर्न तयार व्हायला वेळ लागणार आहे. कर आधी भरून ठेवला तर फायदा होतो का?

होतो, आणि हे आम्ही प्रत्येकाला सांगतो. फॉर्म १६ यायचा आहे, ब्रोकरचं स्टेटमेंट जुळत नाही, घरात आजारपण आहे. कारण काहीही असो, अंदाजाने निघणारा कर मुदतीच्या आत 'सेल्फ असेसमेंट टॅक्स' म्हणून भरून टाका. मुदतीआधी भरलेल्या करावर २३४ए चं व्याज लागत नाही. प्रणय रॉय यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आणि नंतर प्रत्यक्ष कर मंडळाने २०१५ च्या परिपत्रक क्रमांक २ मध्ये ते मान्य केलं. ५,००० ची फी टळणार नाही, पण व्याजाचा मीटर तिथेच थांबतो.

पोर्टलवर 'ई-पे टॅक्स' मध्ये जाऊन मायनर हेड ३०० निवडायचं. १०० हे अग्रिम करासाठी असतं, तिथे बोट चुकतं. चलानची पावती उतरवून ठेवा, त्यावरचा बीएसआर कोड आणि चलान क्रमांक रिटर्नमध्ये लागतो.

उशिरा भरलं तर जुनी करप्रणाली घेता येते का? माझं घरभाडं आणि ८०सी आहे.

नाही घेता येत. सगळ्यात मोठा फटका इथे बसतो आणि बहुतेकांना तो रिटर्न भरायला बसल्यावरच कळतो.

आकारणी वर्ष २०२४-२५ पासून नवी करप्रणाली ही आपोआप लागू होणारी प्रणाली झाली. जुनी हवी असेल तर ती मुदतीत भरलेल्या रिटर्नमध्येच निवडावी लागते. धंदा-व्यवसाय असणाऱ्यांना त्यासाठी फॉर्म १०-आयईए मुदतीतच द्यावा लागतो. बिलेटेड रिटर्नमध्ये नव्या प्रणालीनेच कर निघतो. तुम्ही कंपनीला वर्षाच्या सुरुवातीला 'जुनी' असं कळवलं असलं आणि कंपनीने त्याप्रमाणे टीडीएस कापला असला, तरीही.

आकड्यात बघू. आर्थिक वर्ष २०२४-२५, पगार ९ लाख. घरभाडे भत्त्याची सूट दीड लाख, प्रमाणित वजावट ५०,०००, ८०सी दीड लाख, एनपीएसचे जादा ५०,०००. जुन्या प्रणालीत करपात्र उत्पन्न ५ लाखांवर येतं आणि ८७ए ची सवलत धरून कर शून्य. कंपनीनेही त्यामुळे काही कापलेलं नाही. आता हाच माणूस डिसेंबरमध्ये रिटर्न भरायला बसला. नव्या प्रणालीत प्रमाणित वजावट ७५,०००, बाकी काहीच नाही. उत्पन्न ८,२५,०००. कर ३२,५०० आणि ४ टक्के उपकर धरून ३३,८००. त्यावर फी ५,०००. झाले ३८,८०० आणि २३४ए, २३४बी ची व्याजं निराळी. मुदतीत भरलं असतं तर खिशातून एक रुपया गेला नसता.

'माझा कर शून्यच आहे, उशिरा भरलं तर काय बिघडतं' असं म्हणणाऱ्या प्रत्येक पगारदाराने हा हिशेब स्वतःच्या आकड्यांनी एकदा करून बघावा.

शेअर्समध्ये तोटा झालाय. तो पुढे नेता येईल?

बिलेटेड रिटर्नमध्ये नाही. भांडवली तोटा आणि एफ अँड ओ (फ्युचर्स-ऑप्शन्स) चा धंद्याचा तोटा मुदतीत रिटर्न भरलं तर पुढची ८ वर्षं वजा करता येतो, इंट्राडेचा ४ वर्षं. तारीख हुकली की त्या वर्षीचा तोटा पुढे नेण्याचा हक्क गेला. एका वाईट वर्षात तीन लाखांचा अल्पकालीन तोटा झाला आणि पुढच्या वर्षी तेवढाच नफा झाला, तर त्या नफ्यावर पूर्ण कर भरावा लागतो.

काही गोष्टी वाचतात. त्याच वर्षातला तोटा त्याच वर्षातल्या नफ्यातून नियमाप्रमाणे वजा होतो. आधीच्या वर्षी वेळेत रिटर्न भरून पुढे आणलेला तोटा यंदाच्या उशिराने बाद होत नाही. घरमालमत्तेचा तोटा आणि वजा न झालेला घसारा यांनाही वेळेत भरण्याची ही अट नाही.

उशिरा भरलं तर रिफंड मिळतो का?

मिळतो, ३१ डिसेंबरपर्यंत भरलं तर. फक्त व्याज कमी मिळतं. वेळेत भरणाऱ्याला टीडीएसच्या रिफंडवर आकारणी वर्षाच्या १ एप्रिलपासून दरमहा अर्धा टक्का मिळतो, उशिरा भरणाऱ्याला रिटर्न भरलं त्या तारखेपासून. रिफंडची रक्कम एकूण कराच्या १० टक्क्यांहून कमी असेल तर कुणालाच व्याज नाही.

नव्या कायद्याच्या फेब्रुवारी २०२५ मधल्या मसुद्यात उशिरा भरणाऱ्याचा रिफंडच जाईल अशी तरतूद होती. संसदेच्या निवड समितीने ती काढायला सांगितली आणि मंजूर झालेल्या कायद्यात ती नाही. ही धास्ती अजून काहींच्या मनात आहे, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आईचं उत्पन्न करपात्र नाही, पण बँकेने एफडीच्या व्याजावर टीडीएस कापलाय. आम्ही कधी रिटर्नच भरलं नाही. काय करायचं?

या प्रश्नावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ देतो, कारण इथे बुडणारे पैसे बहुधा वयस्कर माणसाचे असतात आणि त्यांना त्यांची गरज असते.

समजा ६८ वर्षांच्या आईला आर्थिक वर्ष २०२४-२५ मध्ये एफडीचं १,२०,००० रुपये व्याज मिळालं. टीडीएस कापू नका असं बँकेला कळवणारा फॉर्म १५एच द्यायचा राहिला, बँकेने १० टक्क्यांनी १२,००० कापले. थोडी फॅमिली पेन्शन धरूनही एकूण उत्पन्न ३ लाखांच्या आत. कर शून्य, म्हणजे १२,००० पूर्ण परत. अशा रिटर्नला लेट फीही नाही. पण ते ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत जायलाच हवं होतं. त्यानंतर भरता येणाऱ्या अपडेटेड रिटर्नने रिफंड मागता येत नाही. उरतो तो विलंब माफीचा अर्ज, त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

पोर्टलवर आईच्या पॅनने नोंदणी करा, एआयएस आणि २६एएस (विभागाकडे नोंदलेल्या उत्पन्नाची आणि टीडीएसची विवरणपत्रं) उघडून कुठल्या बँकेने किती कापलंय ते बघा. बँक खातं आधी प्रमाणित करून घ्या, नावाचं स्पेलिंग पॅनशी जुळत नसेल तर रिफंड अडकतो. पॅन आधारला जोडलेलं नसल्याने निष्क्रिय झालं असेल, तर ते आधी सुरू करावं लागेल. निष्क्रिय पॅनवर रिफंड निघत नाही. पुढच्या एप्रिलमध्ये टीडीएस न कापण्याचा फॉर्म बँकेत भरायला विसरू नका. १ एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठांच्या व्याजावर वर्षाला १ लाखांपर्यंत टीडीएस कापला जात नाही, त्यामुळे ही कटकट बऱ्याच घरांत कमी होईल.

३१ डिसेंबरच्या रात्री अपलोड केलं, पण ई-व्हेरिफाय करायचं राहिलं. चालेल?

अपलोड केल्यापासून ३० दिवसांत व्हेरिफाय केलं तर अपलोडची तारीखच धरली जाते. ३१ डिसेंबरला अपलोड आणि १० जानेवारीला व्हेरिफाय, काही अडचण नाही. ३० दिवस उलटून गेल्यावर व्हेरिफाय केलं तर व्हेरिफाय केल्याची तारीख हीच रिटर्नची तारीख. फेब्रुवारीत केलंत तर ते फेब्रुवारीत भरल्यासारखं, म्हणजे बिलेटेडच्या मुदतीबाहेर. व्हेरिफाय केलंच नाही तर रिटर्न भरलंच नाही असं समजतात.

आधार ओटीपी हा सगळ्यात सोपा मार्ग, पण मोबाइल आधारला जोडलेला हवा. नसेल तर नेट बँकिंग, डीमॅट किंवा बँक खात्यावरून कोड घेता येतो. सही केलेला आयटीआर-व्ही (रिटर्नच्या पडताळणीचा कागद) टपालाने बेंगळुरूच्या केंद्राला पाठवायचा असेल, तर तो त्या ३० दिवसांच्या आत तिथे पोचेल इतक्या लवकर स्पीड पोस्ट करा.

आणि शेवटची रात्र टाळा. पोर्टल मंदावतं, ओटीपी येत नाही, बँकेचं पान मध्येच बंद पडतं. रात्री पावणेबाराला पासवर्ड विसरल्याचं लक्षात आलेली माणसं दरवर्षी असतात.

बिलेटेड रिटर्नमध्ये चूक सापडली तर?

सुधारित रिटर्न भरता येतं. आकारणी वर्ष २०१७-१८ पासून बिलेटेड रिटर्नलाही ही सोय आहे. मात्र दुरुस्ती करून जुनी करप्रणाली किंवा तोटा पुढे नेण्याचा हक्क परत येत नाही.

३१ डिसेंबरही गेली. आता?

आता अपडेटेड रिटर्न, म्हणजे आयटीआर-यू. कलम १३९(८ए) खाली २०२२ मध्ये ही सोय आली. तेव्हा मुदत २४ महिने होती, २०२५ च्या वित्त कायद्याने ती आकारणी वर्ष संपल्यापासून ४८ महिने केली. आकारणी वर्ष २०२२-२३ चं आयटीआर-यू ३१ मार्च २०२७ पर्यंत, २०२३-२४ चं ३१ मार्च २०२८ पर्यंत, २०२४-२५ चं ३१ मार्च २०२९ पर्यंत आणि २०२५-२६ चं ३१ मार्च २०३० पर्यंत.

चार वर्षं ऐकून हायसं वाटतं, पण किंमत बघा. बाकी कर आणि त्यावरचं व्याज यांची बेरीज करून तिच्यावर जादा कर लागतो. पहिल्या १२ महिन्यांत २५ टक्के, दुसऱ्या वर्षात ५०, तिसऱ्यात ६०, चौथ्यात ७० टक्के. कर आणि व्याज मिळून ४०,००० रुपये होत असतील, तर पहिल्या वर्षात १०,००० जादा आणि चौथ्यात २८,०००. शिवाय तोपर्यंत व्याजही वाढलेलं असतं. हा सगळा पैसा आधी भरायचा आणि मगच आयटीआर-यू दाखल होतं. एका आकारणी वर्षासाठी ते एकदाच भरता येतं, म्हणून सगळे कागद समोर ठेवून भरा.

आयटीआर-यू ने काय करता येत नाही?

रिफंड मागता येत नाही, आधीचा रिफंड वाढवता येत नाही, कर कमी करता येत नाही, तोटा दाखवता येत नाही. न भरलेला कर स्वतःहून चुकता करण्यासाठी ही सोय आहे.

मग अडकलेला रिफंड कायमचा गेला का?

एक मार्ग राहतो. कलम ११९(२)(बी) खाली विलंब माफ करण्याचा अर्ज करता येतो. १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रक क्रमांक ११ प्रमाणे आकारणी वर्ष संपल्यापासून ५ वर्षांच्या आत अर्ज हवा. १ कोटीपर्यंतच्या दाव्यांचा निर्णय प्रधान आयुक्त किंवा आयुक्त घेतात, आणि अर्ज शक्यतो सहा महिन्यांत निकाली काढावा असं परिपत्रकात म्हटलं आहे.

'विसरलो' हे कारण पुरत नाही. खरी अडचण होती हे दाखवावं लागतं. रुग्णालयाचे डिस्चार्ज पेपर, मृत्यूचा दाखला, पूर किंवा आगीचा पंचनामा, जे असेल ते तारखांसकट जोडा. अर्जात गोष्ट सरळ लिहा: मुदत कधी होती, त्या काळात काय घडलं, अडचण कधी संपली, त्यानंतर किती दिवसांत अर्ज केला. अर्ज मान्य झाला तरी या रिफंडवर व्याज मिळत नाही.

वडील वारले. त्यांचं रिटर्न राहिलंय, मुदतही गेली.

ज्या दिवसापर्यंत ते होते तोवरच्या उत्पन्नाचं रिटर्न वारसाने त्यांच्या पॅनवर भरायचं असतं. पोर्टलवर स्वतःच्या खात्यातून कायदेशीर वारस म्हणून नोंदणी करा, मृत्यूचा दाखला, त्यांचं पॅन आणि वारस असल्याचा पुरावा जोडा. त्याला मंजुरी मिळायला दिवस लागतात, म्हणून डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. मुदती सगळ्यांना असतात त्याच आहेत. वारसाची जबाबदारी वडिलांच्या मागे राहिलेल्या मालमत्तेपुरती असते, स्वतःच्या कमाईतून भरण्याची सक्ती नाही.

दुःखाच्या दिवसांत हे काम कुणालाच सुचत नाही. निदान २६एएस उघडून रिफंड आहे की कर बाकी आहे एवढं पाहून ठेवा, घाई किती ते त्यावरून ठरवता येतं.

आमची हाउसिंग सोसायटी आहे. आम्हालाही ३१ जुलै लागू आहे का?

महाराष्ट्रात सहकारी संस्थांना सहकार कायद्याखाली ऑडिट बंधनकारक असल्याने त्यांची मुदत ३१ ऑक्टोबर असते. आकारणी वर्ष २०२५-२६ साठी ती १० डिसेंबर २०२५ पर्यंत वाढली होती. रिटर्न आयटीआर-५ मध्ये भरायचं.

इथे उशीर फार महाग पडतो. सहकारी बँकेतल्या ठेवींच्या व्याजावर सोसायट्या कलम ८०पी ची वजावट घेतात. कलम ८०एसी सांगतं की रिटर्न मुदतीत नसेल तर ही वजावट नाही. सिंकिंग फंडाच्या मोठ्या ठेवी असतील तर सगळं व्याज करपात्र होतं आणि बोजा सभासदांवर येतो. ऑडिट रखडल्यामुळे अशी वेळ आलेल्या संस्थांसाठी मंडळाने जुलै २०२३ मध्ये परिपत्रक क्रमांक १३ काढून आकारणी वर्ष २०१८-१९ ते २०२२-२३ साठी विलंब माफीची वाट दिली होती. अशी सोय ठरावीक वर्षांपुरतीच होती. सचिव-खजिनदार बिनपगारी काम करतात हे खरं, पण ऑडिटरची नेमणूक आणि हिशेब वेळेत होतील हे सर्वसाधारण सभेनेही बघायला हवं.

परदेशी कंपनीने दिलेले शेअर्स आहेत, पण भारतात कर बाकी नाही. उशीर झाला तर काय?

निवासी व्यक्तीकडे परदेशी मालमत्ता असेल तर उत्पन्न कितीही कमी असलं तरी रिटर्न सक्तीचं आहे, आणि ते आयटीआर-१ मध्ये भरता येत नाही. माहिती न दिल्यास काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपये दंड होऊ शकतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून इतर परदेशी मालमत्ता एकूण २० लाखांच्या आत असेल तर हा दंड लागत नाही. आयटीतल्या अनेकांना या शेअर्सचा विसर पडतो. मूळ मुदत गेली असेल तर ३१ डिसेंबरच्या आत हे काम कराच.

रिटर्न भरलंच नाही तर तुरुंगवास होतो का?

कलम २७६सीसी खाली हेतुपुरस्सर रिटर्न न भरणाऱ्यावर खटला होऊ शकतो. टीडीएस आणि अग्रिम कर वजा जाऊन बाकी कर १०,००० रुपयांपर्यंत असेल तर व्यक्तीवर या कलमाखाली खटला होत नाही. घाबरून गप्प बसणं मात्र चुकीचं. कलम १४२(१) ची नोटीस आली, किंवा मोठ्या व्यवहाराबद्दल मेसेज आला, तर दिलेल्या तारखेच्या आत पोर्टलवरूनच उत्तर द्या. उत्तर न दिल्यास अधिकारी आपल्याजवळच्या माहितीवरून आकारणी करतो आणि त्यात तुमच्या वजावटींचा विचार झालेला नसतो.

नोटीस आल्याचं कळलंच नाही, असं कसं होतं?

रिटर्न भरून देणाऱ्याने पोर्टलवर स्वतःचा मोबाइल आणि ईमेल टाकलेला असतो, म्हणून. ओटीपी, नोटीस, रिफंड अडकल्याचा निरोप, सगळं त्याच्याकडे जातं. त्याने काम सोडलं किंवा नंबर बदलला की तुम्ही अंधारात. आजच प्रोफाइलमध्ये जाऊन प्राथमिक संपर्क तुमचा आहे ना ते बघा.

बँक कर्जासाठी तीन वर्षांची रिटर्नं मागतेय. एकजण एकदम काढून देतो म्हणतो. घ्यावं का?

नको. मागची वर्षं आता फक्त आयटीआर-यू ने भरता येतील आणि त्यावर भरल्याची तारीख छापून येते, ती बँकेलाही दिसते. उत्पन्न फुगवून दाखवलंत तर त्यावर खरा कर, व्याज आणि जादा कर तुम्हालाच भरावा लागतो, आणि पुढे एआयएसशी जुळलं नाही तर उत्तरही तुम्हालाच द्यायचं असतं. खरंच कर राहिला असेल तर आयटीआर-यू जरूर भरा. नसेल तर बँकेला पगाराच्या स्लिप, फॉर्म १६ आणि खात्याचे उतारे द्या, आणि चालू वर्षाचं रिटर्न वेळेत भरा.

आज बसून भरायचं ठरवलं तर हाताशी काय काय हवं?

फॉर्म १६, असेल तर. एआयएस आणि २६एएस पोर्टलवरून उतरवून घ्या आणि एकमेकांशी ताडून बघा. बचत खात्याच्या व्याजाची नोंद पासबुकात असते, ती बहुतेकजण सोडून देतात. शेअर्स-म्युच्युअल फंडाचं भांडवली नफ्याचं स्टेटमेंट. आधारला जोडलेला मोबाइल जवळ ठेवा. फॉर्ममध्ये 'कलम १३९(४)' निवडलंय का ते बघा. मुदत संपल्यावर १३९(१) ठेवून पुढे गेलात तर पोर्टल अडवतं. कर निघत असेल तर आधी चलान, मग रिटर्न, लगेच व्हेरिफाय. १५ अंकी पोचक्रमांक असलेली पावती उतरवून घरच्या एखाद्या माणसालाही पाठवून ठेवा.